गप्प म्हणजे पास

"अहो, माझं लाकडी उलथनं कुठंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कामावर गेलंय," तपासनीस वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

"उलथनं कामावर, आणि तुम्ही घरी?"

"त्याचसाठी तर नेलंय."

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पण अकरा वर्षं माणूस एकच काम करत राहिला की नाव मागे पडतं आणि काम तेवढं उरतं. त्यांची कंपनी कर्नेल बनवायची. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कोणाला किती जागा द्यायची, कोणाची पाळी कधी, कोणी कोणाच्या वाटेत यायचं नाही, हे सगळं तो बघतो. या कंपनीचं कर्नेल लिफ्टमध्ये बसायचं. त्यामुळे कारभाऱ्याने एखादी चूक केली, तर कोणी ना कोणी दोन मजल्यांच्या मध्ये लटकणार हे ठरलेलं.

म्हणून कर्नेलमध्ये टाचणीएवढा जरी बदल केला तरी त्याला चारशे बारा चाचण्या द्याव्या लागत. या परीक्षेत विद्यार्थी आणि परीक्षक एकच. कर्नेल स्वतःच स्वतःला तपासायचं आणि नापास झालं तर पडद्यावर लाल अक्षरांत स्वतःच बोंब मारायचं. इतका प्रामाणिक विद्यार्थी तपासनीसांनी आपल्या घराण्यात पाहिला नव्हता.

अडचण होती ती एका चाचणीची. तिला सगळे मरणाची चाचणी म्हणत. तिच्यात कर्नेलला मुद्दाम मारायचं आणि ते मरताना लिफ्ट जागच्या जागी घट्ट धरून ठेवतं की नाही ते बघायचं. नीट मेलं तर पास; मरताना ब्रेक सुटला तर ते ज्या चाचणीच्या मशीनवर चालायचं त्याचा भोंगा वाजायचा. पण मेलेलं मशीन स्वतःचा निकाल सांगत नाही. ते गप्प होतं. मग शेजारी बसलेल्या माणसाने मान डोलवायची, वहीत 'पास' लिहायचं, मशीनचं लाल बटण दाबून त्याला पुन्हा उठवायचं आणि पुढच्या चाचणीला बसवायचं. हा शेजारी बसणारा माणूस म्हणजे तपासनीस.

या बटणापायी दोन सहली वाया गेल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांना स्टेशनवरूनच परत बोलावलं. दुसऱ्या वेळी ते समुद्रापर्यंत पोचले, चपला काढल्या, आणि पाण्यात पाय घालायच्या आत साहेबांचा फोन आला. तेव्हापासून बायको समुद्राचं नाव काढायची ती चपलांकडे बघूनच. आता तिसरी सहल ठरली होती. आठ दिवस, समुद्रकाठी. तिकिटं तिने स्वतः काढली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. "या वेळेला जर तुम्ही आला नाहीत," ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून कपड्यांच्या घड्या घालत बसली.

तपासनीसांनी मग मनावर घेतलं. चाचण्या आपोआप चालल्या पाहिजेत. बटण बाहेरून दाबण्याची एक छोटी पेटी बाजारात मिळायची, पण तिच्यासाठी खरेदी खात्याकडे केलेला अर्ज तीन वर्षं कोणाच्या तरी टेबलावर वयात येत होता. शेवटी त्यांनी मुलीच्या मोडक्या खेळण्यातली मोटर काढली, तिला बायकोचं लाकडी उलथनं बांधलं आणि ते सगळं शिकंज्याने टेबलाच्या कडेला आवळलं. मोटर फिरली की उलथनं खाली यायचं आणि लाल बटणावर टक् करून बसायचं. शेजारच्या फळीवर दुसरा एक जुना संगणक ठेवला. हा राखण्या. तो मशीनला वायरने जोडलेला. मशीनला पुढची चाचणी द्यायची, उत्तर आलं की लिहून घ्यायचं, चाळीस सेकंद काहीच आवाज आला नाही तर मशीन मेलं असं समजायचं, 'पास' लिहायचं, उलथनं मारायचं आणि पुढे जायचं, असा त्याला नियम घालून दिला.

सुरुवातीला हा नियम फक्त मरणाच्या चाचणीपुरता होता. तिचा क्रमांक दोनशे सतरा. पण लोक रोज नव्या चाचण्या घुसडायचे, जुन्या काढायचे, आणि मरण कधी दोनशे एकोणिसावर जायचं तर कधी दोनशे चौदावर यायचं. रोज क्रमांक कोण बदलत बसणार? नियम सरसकट सगळ्यांना लावून तपासनीस मोकळे झाले. नापास होणारी चाचणी बोंब मारते, गप्प बसते ती फक्त मरणाची, मग बिघडतंय काय, असा त्यांचा हिशेब होता.

सहलीसाठी सासरेही राहायला आले होते. ते निवृत्त रेल्वे फाटकवाले. रात्रीच्या जेवणाला तपासनीसांनी ही युक्ती सगळ्यांना रंगवून सांगितली.

"म्हणजे जावईबापू, गप्प बसलं की पास?" सासऱ्यांनी विचारलं.

"बरोब्बर, बाबा."

"आमच्या फाटकावरचा फोन गप्प असला ना, की मी उठून रुळाकडे बघून यायचो."

"ते का?"

"गाडी नसली तरी फोन गप्पच असतो, आणि तार तुटली असली तरी गप्पच असतो."

"बाबा, हे संगणकाचं काम आहे."

"असेल," सासरे म्हणाले आणि त्यांनी पानात आणखी वाढून घेतलं.

बायको इतका वेळ ऐकत होती. "गप्प म्हणजे पास," ती म्हणाली. "बरं आहे. लक्षात ठेवते."

साहेबांना युक्ती पसंत पडली, पण सुट्टीचा अर्ज त्यांनी दोन बोटांत धरून ठेवला. "सात दिवस," ते म्हणाले. "या गुरुवारी चार वाजल्यापासून पुढच्या गुरुवारी चारपर्यंत. माणसाचा हात न लागता चाललं, तर तुम्ही सुटलात. आणि खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. तुमचा भरवसा नाही असं नाही, पण अकरा वर्षांची सवय आहे, हात शिवशिवेल."

गाडी त्याच पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहाची होती. चारला सुटका, पाचला घर, सहाला गाडी. तपासनीसांनी किल्ली देऊन टाकली.

शुक्रवारी राखण्याने निकाल पाठवला, चारशे बारापैकी चारशे आठ. शनिवारी चारशे नऊ. ज्याने चूक केली त्याला कळवलं, त्याने दुरुस्त केली, सगळं कसं सुरळीत. आणि सोमवारी दुपारनंतर चमत्कार झाला. चारशे बारापैकी चारशे बारा. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. अकरा वर्षांत असा निकाल कोणी बघितला नव्हता. एक फेरी आधी दोन तासांत व्हायची, आता साडेचार तास लागत होते, आणि प्रत्येक चाचणीपुढे चाळीस सेकंद असाच वेळ पडत होता. तपासनीसांना ते जरा वेगळं वाटलं. पण साहेब म्हणाले, "घाईघाईने करत नाही म्हणून तर पास होतंय." हे बोलणं तपासनीसांना पटलं, कारण सुट्टी जवळ आली की माणसाला बरंच काही पटतं.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी लिफ्टच्या कारखान्यातल्या मुख्य इंजिनिअर बाईंनाच गुरुवारी बोलावलं. आमची यंत्रणा डोळ्यांनी बघा म्हणाले. पाहुण्यांसमोर कोणाचा फोन वाजू नये म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून खणात ठेवायला लावले. अडीच वाजता बाई आल्या. चष्मा लावलेल्या, बोलायला कमी. साहेबांनी किल्ली फिरवली आणि दार उघडून बाजूला झाले.

खोली लखलखीत होती. टेबल पुसून ठेवलेलं. टेबलाच्या कडेला मोटर, मोटरला उलथनं. सगळे बघत उभे राहिले तेवढ्यात मोटर घरघरली, उलथनं खाली आलं आणि रिकाम्या टेबलावर टक् करून बसलं. फळीवरच्या राखण्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, 'चाचणी एकशे सहा, पास.'

बाईंनी टेबलाभोवती एक चक्कर मारली. चाळीस सेकंदांनी पुन्हा टक् झालं. एकशे सातही पास.

"मशीन कुठंय?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी तपासनीसांकडे बघितलं. तपासनीसांनी टेबलाखाली वाकून बघितलं. तिथे एक वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला काहीही नव्हतं.

"म्हणजे हे टेबल पास होतंय?" बाई म्हणाल्या.

"चारशे बारापैकी चारशे बारा," तपासनीस म्हणाले. निकाल विचारला की तो सांगायची सवय.

"मग आमच्या लिफ्टमध्ये हेच बसवा. निदान चार पायांवर उभं तरी राहील."

साहेबांनी स्टोअरकीपरला बोलावलं आणि आवाज चढवून विचारलं, "इथलं मशीन कोणी हलवलं?"

"मीच, साहेब. सोमवारी दुपारी."

"कोणाला विचारून?"

"तुम्हीच किल्ली दिली. म्हणालात, पाहुणे यायचेत, खोली आवरून घे, आणि तो टेबलावरचा गंजका डबा आधी उचल. हे उलथनंही काढणार होतो, पण ते निघेना."

साहेबांचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला. बाईंनी घड्याळात बघितलं. "सोमवारपासून कर्नेलमध्ये बदल किती झाले?"

"एकतीस," तपासनीस म्हणाले. उलथन्याचं हसू येऊन गेलं होतं. पण एकतीस बदल कोणीही न तपासता, टेबलाच्या भरवशावर पुढे गेले होते, आणि शनिवारी त्यांची प्रत जायची होती ती माणसं वर-खाली नेणाऱ्या खऱ्या लिफ्टमध्ये.

डबा भंगाराच्या ढिगातून परत आला. तपासनीस जुन्या खुर्चीत बसले, वही उघडली आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. पहिल्या तासाभरातच पाच चाचण्यांनी लाल बोंब मारली. दोनशे सतरा आली तेव्हा ते वहीवर पेन टेकवून बसले. कर्नेल मेलं खरं, पण भोंगा वाजला; मरताना लिफ्टचा ब्रेक सोडून मेलं. तपासनीसांनी हात कपाळाला लावला. मग ब्रेक ज्याच्या बदलामुळे सुटला त्याला बोलावून घेतलं आणि त्याची चूक त्याला शांतपणे समजावून सांगितली, कारण ओरडण्याचं त्राण उरलं नव्हतं.

"शनिवारपर्यंत हे संपलं पाहिजे," साहेब म्हणाले. "सात दिवस माणसाचा हात लागला नाही हे खरं आहे. अट तुम्ही पाळलीत. पण…"

"कळलं," तपासनीस म्हणाले.

पाच वाजता त्यांनी टेबलावरच्या फोनवरून घरच्या फोनवर बायकोला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. चिडली असती तर उचलून बोलली असती, त्यांनी मनात म्हटलं. गप्प आहे म्हणजे ठीक आहे. आणि आपल्याला टाकून जातील कुठे? तरी तोंड दाखवून समजूत घालावी म्हणून त्यांनी नवी फेरी लावली, मरणाची चाचणी आली की बटण साहेबांनी दाबायचं असं ठरवून घेतलं, उलथनं शिकंज्यातून सोडवून पिशवीत घातलं, खणातला फोन उचलला आणि घर गाठलं. सव्वासहा झाले होते.

घरात सामसूम होती. झोपायच्या खोलीचं दार बंद. तपासनीस दाराबाहेर उभे राहिले आणि घसा खाकरला.

"हे बघ, ऐकून घे आधी. चूक माझी आहे. दोनच दिवस. शनिवारी रात्रीची तिकिटं मी स्वतः काढतो. चालेल ना?"

आतून काही उत्तर आलं नाही. म्हणजे चालेल. त्यांना धीर आला.

"आणि तिथे गेल्यावर फोन तुझ्याकडे देऊन टाकीन. साहेब काय, साहेबांच्या साहेबांचा आला तरी उचलायचा नाही. चालेल ना?"

हेही चाललं. बायको इतकी समजूतदार आहे हे आपल्याला आजवर कळलंच नाही, या विचाराने तपासनीसांना भरून आलं. तिसरं वचन तोंडात तयार असताना त्यांना कसली तरी आठवण झाली, कोणीतरी उठून रुळाकडे बघायचं म्हणालं होतं त्याची. त्यांनी दार ढकललं.

खोली रिकामी होती. बॅगा नव्हत्या. पलंगाखाली त्यांच्या एकट्याच्या समुद्रावर न्यायच्या चपला होत्या.

त्यांनी घाईघाईने फोन सुरू केला. बायकोचे चार निरोप येऊन पडले होते. पहिला तीनचा: 'निघालात का?' दुसरा चारचा: 'सुटलात का?' तिसरा पावणेपाचचा: 'स्टेशनवर जाऊ का आम्ही? काही बोलला नाहीत तर हो असं धरते.' चौथा बरोबर सहाचा: 'गाडी सुटतेय. तुम्ही न येता गेलो तर चालेल ना? चाळीस सेकंद थांबले. पास. उलथनं घेऊन या.'

त्यांनी फोन लावला. या वेळी लगेच उचलला गेला. पलीकडून चाकांचा खडखडाट आणि सासऱ्यांचा आवाज.

"जावईबापू, गाडी वेळेवर सुटली बरं का. मी स्वतः खिडकीतून बघून खात्री केली."

"बाबा, फोन तिला द्या जरा."

खडखडाटात फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. तपासनीसांनी पिशवीतून उलथनं बाहेर काढलं, का ते त्यांनाही कळलं नाही, आणि म्हणाले, "मी रविवारी सकाळी पोचतो. चालेल ना?"

पलीकडे ती होती. श्वास ऐकू येत होता, पण ती काही बोलली नाही. दहा सेकंद गेले, वीस गेले, चाळीसही होऊन गेले. तपासनीसांनी काहीही गृहीत धरलं नाही. एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.