पाचवं मशीन

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींचं उजवं मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, मिस्त्रींनी खुर्चीचा हात घट्ट पकडला आणि तपासणी संपली. हाताने लाकूड घासणं आजपासून बंद, असा निकाल लागला. आजपासून म्हणजे कधीपर्यंत, असं मिस्त्रींनी विचारलं. बाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "हात हवाय तोपर्यंत."

मिस्त्रींना सगळा भाग 'रेशीम मिस्त्री' म्हणून ओळखत होता. अठ्ठावीस वर्षं त्यांचा एकच रिवाज होता. फळी रंधून झाली की पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि जाड्या नंबरापासून बारीक नंबरापर्यंत, लाकडातल्या रेषांच्या दिशेनेच, घासत जायचं. शेवटी डोळे मिटून बोटं फिरवायची. बोटांनी होकार दिला की वस्तू पॉलिशसाठी मागच्या खोलीत बायकोकडे जायची, आणि तिथून ती बाहेर आली की गिऱ्हाईक हात लावून म्हणायचं, "रेशीम." कारखान्यात विजेवर चालणाऱ्या वस्तू दोनच होत्या, पंखा आणि दिवा. यंत्राने घासलेलं लाकूड मिस्त्रींना दाढी केलेल्या प्रेतासारखं वाटायचं आणि ते तसं बोलूनही दाखवायचे.

डॉक्टरांचा निकाल घरी कळला तसा धाकट्या भावालाही कळला. त्याचा लॅमिनेटच्या फर्निचरचा मोठा कारखाना होता. त्याने लगेच निरोप धाडला की दादाने आता दगदग करू नये, फाटकाशी खुर्ची टाकून देतो, बाहेर जाणारा माल नुसता मोजायचा. ते ऐकून मिस्त्री अर्ध्या जेवणावरून उठले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचं टेबल अजून हातात होतं. घड्याळजींची अट विचित्र होती. पॉलिश नको, कारण दिव्याखाली चमक डोळ्यांत जाते. पण लाकूड असं हवं की सांडलेला स्क्रू तळव्याच्या कडेने ओढला तर वाटेत कुठेही अडता कामा नये. घड्याळातला स्क्रू तिळापेक्षा लहान असतो. असलं काम करणारा माणूस फाटकाशी बसून कपाटं मोजणार, ही कल्पना मिस्त्रींना सोसेना.

"मशीन घ्या," बायको म्हणाली. "हात डॉक्टरांना द्यायचा नि नाव भावोजींना, एवढी काही वेळ आलेली नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हत्यारांच्या दुकानात गेले, ते घरची फळी जुन्या चादरीत गुंडाळून घेऊनच. दुकानदाराने लाकूड घासायची पाच मशीनं, म्हणजे सँडर, काउंटरवर मांडली. मिस्त्रींनी फळीवर पाच चौकोन आखले आणि प्रत्येकात पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा मारल्या. एका चौकोनाला एक मशीन, घड्याळ लावून पाव तास. मग डोळे मिटून बोटं. दुकानदाराने आयुष्यात बरीच चिकित्सक माणसं पाहिली होती. त्याने स्टूल ओढून घेतलं.

पहिलं मशीन तळहातात मावणारं होतं. त्याची चकती फिरतही होती आणि थरथरतही होती, त्यामुळे एका ओरखड्यावर दुसरा पडत नाही, असं दुकानदाराने समजावलं. मिस्त्रींनी बोटं फिरवली आणि जागच्या जागी तीन ओरखडे दाखवले. दुकानदाराने भिंग आणलं. त्याला एकच सापडला. दुसरं मशीन चौकोनी होतं आणि हाताला चांगलंच हादरे देत होतं. मिस्त्री म्हणाले, बरं आहे. तिसऱ्याला म्हणाले, चांगलं आहे. चौथं अंगाने थोराड होतं. ते बंद केल्यावरही मिस्त्रींच्या कोपरापर्यंत मुंग्या येत राहिल्या. मिस्त्री म्हणाले, छान.

पाचवं मशीन भरलेल्या बादलीएवढं जड होतं. त्याच्या पोटाखाली पॉलिश पेपरचा पट्टा गरगर फिरायचा आणि ते फळीवरून माणसाला स्वतःबरोबर ओढत न्यायचं. पाव तासाने मिस्त्रींनी डोळे मिटले, बोटं टेकवली आणि मग तीच बोटं उलट दिशेनेही फिरवून बघितली. त्यांना काही लागलंच नाही. रेघ नाही, कुसळ नाही, काही नाही. असं रेशीम त्यांच्या स्वतःच्या हातूनही कधी उतरलं नव्हतं.

"हे," ते म्हणाले.

दुकानदार स्टुलावरून उठला. "मिस्त्री, हे लोक दारांवरचा जुना रंग खरवडायला नेतात. बारीक कामाला ते पहिलं घ्या."

एकच वस्तू जो विक्रेता पुन्हा पुन्हा पुढे करतो, त्याच्याकडे ती पडून असते, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. ते समजूतदारपणे हसले. "अठ्ठावीस वर्षांत ही बोटं एकदाही खोटं बोललेली नाहीत." मग दुकानदारानेही नाद सोडला. पावतीवर सही करताना मिस्त्रींच्या हातून पेन दोनदा निसटलं. दुकानांतली पेनं असतातच तसली.

टेबलाचं काम सहा दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मनगटाचं दुखणं पार थांबलं, आणि डॉक्टर लोक उगाच घाबरवतात असं मिस्त्रींचं मत झालं. त्याच दिवशी बायकोने त्यांना चुलीवरून उतरवलेला स्टीलचा पेला मुठीत धरून निवांत बोलताना पाहिलं.

"अहो, भाजत नाही का?"

"सवय झाली आता," मिस्त्री म्हणाले, आणि कशाची ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सहाव्या दिवशी त्यांनी डोळे मिटून अख्ख्या टेबलावरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेशीम होतं. बायको हात पुसत बघायला आली, तोवर त्यांनी वर चादर टाकून दोर आवळला होता. याला पॉलिश नाही, तेव्हा तुला सुट्टी, असं ते खुशीत म्हणाले. हातगाडी दारात उभीच होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी तीच हातगाडी तेच टेबल घेऊन परत आली. मागून घड्याळजी चालत येत होते. उजवा तळवा त्यांनी रुमालाने बांधला होता.

"मिस्त्री, मी टेबल सांगितलं होतं," ते म्हणाले. "किसणी नव्हती सांगितली."

मिस्त्रींनी शांतपणे चादर काढली आणि टेबलावर हात ठेवून म्हणाले की हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम आहे. घड्याळजी वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खिशातून डबी काढून एक स्क्रू टेबलावर टाकला आणि डाव्या हाताने ओढून दाखवला. स्क्रू दोन बोटं सरकला, एका खोलगट रेघेत उतरला आणि तिथेच मुक्काम केला. ही ओढण्यातली चूक असणार, त्याची एक तऱ्हा असते, असं म्हणत मिस्त्रींनी स्वतःचा उजवा तळवा टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जोर देऊन ओढत नेला.

"बघा," ते म्हणाले. "लोणी."

घड्याळजी टेबलाकडे बघत नव्हते. बायको पुढे आली आणि तिने नवऱ्याचा हात उलटा केला. तळव्यात तीन कुसळं शिरली होती. एक तर मधल्या बोटाच्या नखाखाली पार आत गेलं होतं, आणि रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं.

"हे तुम्हाला कळलं नाही?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी आपल्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कुसळं काढली आणि मग बोटांच्या टोकांची तपासणी करायचं ठरवलं. मिस्त्रींनी मान फिरवली, दात आवळले, बराच वेळ थांबले आणि शेवटी म्हणाले, "करा सुरू." बाई म्हणाल्या, चारही बोटांना सुई टोचून झाली. यंत्राच्या हादऱ्यांनी उजव्या हाताच्या नसा बधिर झाल्या होत्या, डावा शाबूत होता. सहा महिन्यांत संवेदना परत येईल किंवा येणार नाही. मनगटाचं दुखणं थांबलंय, एवढं मिस्त्रींनी सांगून पाहिलं. बाईंनी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी आले तेव्हा मागच्या खोलीतून घासण्याचा आवाज येत होता. टेबल आत गेलं होतं. बायकोने पदर खोचला होता, आणि तिच्या शेजारी पत्र्याच्या डब्यात झिजून कापडासारखे मऊ पडलेले पॉलिश पेपरचे तुकडे नंबरवार लावून ठेवले होते. हे तुकडे मिस्त्रींनी टाकून दिलेले होते, आणि डबा आजचा नव्हता. पट्ट्याने पाडलेल्या रेघा घालवायला तिला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी घड्याळजींनी येऊन स्क्रू टाकला, तळव्याच्या कडेने ओढला आणि तो अलगद त्यांच्या ओंजळीत पडला.

"हां, हा तुमचा हात, मिस्त्री," घड्याळजी म्हणाले. "मधे काय झालं होतं कुणास ठाऊक."

ते गेल्यावर मिस्त्री रिकाम्या बाकावर बसले. बायको डबा आवरत होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या वर्षापासून. तो पाळणा केला होतात ना, त्याच्या कठड्याला बाळाचं झबलं अटकत होतं. म्हटलं, पॉलिशच्या आधी एक हात मारून टाकावा."

"आणि नंतर?"

"नंतर पण अटकत असायचं."

"मला एकदा सांगायचं तरी."

"तुम्ही डोळे मिटून एवढे खूश व्हायचात," ती म्हणाली. "माझा काय, पॉलिशच्या आधी एखादा दिवस जायचा."

मग अठ्ठावीस वर्षं मी नेमकं काय करत होतो, हा प्रश्न मिस्त्रींनी विचारायला नको होता, पण विचारला.

"जाडं काम," बायको म्हणाली, आणि ते हिणवून नव्हे. "तसं जाडं काम कुणाला जमत नाही. पण ते आता तुम्हाला झेपणार नाही, नि मनगटं मला पण दोनच आहेत. उद्या दुकानात जाऊ. मशीन बदलून आणायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पाचवं मशीन निमूट परत घेतलं आणि उरलेली चार पुन्हा काउंटरवर मांडली. बायकोने पहिलं उचललं, फळीच्या तुकड्यावर दहा आकडे मोजेपर्यंत चालवलं आणि बंद केलं. डोळे उघडेच ठेवून तिने एक बोट फळीवरून फिरवलं. मग तिने उजवा हात झटकला, डाव्या हाताने पुन्हा एकदा बघितलं आणि बाकीच्यांकडे न वळता म्हणाली, "हे द्या."

दुकानदाराला एवढ्या लवकर निर्णय ऐकायची सवय नव्हती. शिवाय मोठा कारागीर बाजूला उभा असताना त्याला न विचारणं बरं दिसलं नसतं. त्याने फळीच्या चार तुकड्यांवर एकेका मशीनचा हात मारला, ते मिस्त्रींसमोर ठेवले आणि अदबीने विचारलं, "तुमचं काय म्हणणं, मिस्त्री?"

मिस्त्रींनी पट्टी बांधलेला हात खिशात घातला, डाव्या हाताची बोटं चारही तुकड्यांवरून सावकाश फिरवली आणि खरं तेच सांगितलं.

"मला सगळीच चांगली वाटतात."