परबकाकांची कंपनी

आपल्या घरातला टीव्ही चालू ठेवा, बघितला नाही तरी चालेल, अशी विनंती करत दारोदार फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सखाराम परब. आखातातल्या मुहर्रकच्या ज्या जुन्या दुमजली घरात मी खालची खोली घेतली होती, तिथे वरच्या खोलीत हे गृहस्थ राहायचे. शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून सगळी गल्ली आडवी झाली की माझ्या दारावर थाप पडायची. "आपट्या, इंग्लिश लाव. बघू नको, पण चालू ठेय." एवढं बोलून शेजारच्या मल्याळ्याच्या दाराकडे. त्याला ते हिंदीत सांगायचे आणि तो बिचारा झोपेतच मान हलवायचा.

मी पुण्याचा, एका कॉन्ट्रॅक्टिंग फर्ममध्ये ड्राफ्ट्समन. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, जीभ तेव्हाही तिखटच. काका कुडाळच्या पलीकडच्या एका गावचे. पन्नाशीला आलेले, काटकुळे, विमानतळावर कार्गोत कामाला. पुणेकर म्हणून त्यांचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून संशय होता. तिकीट काढून नाटक बघणाऱ्या माणसांना नाटक काय कळणार, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

आता हे इंग्लिश म्हणजे काय ते सांगतो. खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एका तेल कंपनीने आपल्या अमेरिकन लोकांसाठी टीव्हीचं चॅनेल काढलं होतं. अँटेना पश्चिमेकडे वळवली की ते आमच्याकडेही लागायचं. त्यावर शुक्रवारी बेसबॉल दाखवायचे. एक जण चेंडू फेकतो, दुसरा सोटा फिरवतो, तिसरा तोंडाला जाळी बांधून त्याच्या मागे उकिडवा बसतो आणि बाकीचे सगळे तासभर थुंकतात. आम्हा क्रिकेटवाल्यांच्या डोक्यावरून जाणारं प्रकरण. काका मात्र अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, चटईवर मांडी ठोकून बघायचे. सगळ्या संघांतला एकच त्यांचा, आणि तोही सर्वांत भिकार. कुठल्याशा गिरण्यांच्या गावाचा, दर वर्षी शेवटचा नंबर. त्याला ते संघ म्हणत नसत, कंपनी म्हणत. "आज आमच्या कंपनीचो खेळ असा."

हे वेड त्यांच्या डोक्यात भरवलं एका म्हाताऱ्या अमेरिकनाने. तो कार्गोवाल्यांना ट्रेनिंग द्यायला आला होता आणि तोही त्याच गिरणीगावचा होता. त्याने काकांना सांगितलं, की तिकडे प्रत्येक संघाचा आपला मुलूख ठरलेला असतो. त्या मुलखातलं टीव्ही स्टेशन खेळ दाखवायचा हक्क विकत घेतं. मोठ्या शहरात घरं जास्त, बघणारे जास्त, म्हणून तिथल्या संघाला स्टेशनकडून पोतंभर पैसे मिळतात. लहान गावाच्या संघाला चिंचोके. मग लहान संघात एखादा पोरगा चांगला निघाला, की मोठा संघ पैसे टाकून त्याला उचलून नेतो.

काकांनी कपाळावर हात मारला म्हणे. हे तर त्यांना पाळण्यातच कळलं होतं. त्यांच्या वडिलांची दशावताराची कंपनी होती. लहानशी, पंधरा माणसांची, पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला चालत जाणारी. तिथेही प्रत्येक कंपनीच्या जत्रा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. ज्या कंपनीकडे मोठ्या देवळांच्या जत्रा, तिची चंगळ. वडिलांच्या वाट्याला डोंगरापलीकडची सात गावं. त्या गावांतले बापये एकेक करत मुंबईला आणि मग आखातात गेले, जत्रेला म्हाताऱ्या उरल्या आणि बिदागीचे नारळ झाले. कंपनीत राजा करणारा एक देखणा नट होता, त्याला मोठ्या कंपनीने नेला. मग पखवाजवाला नेला. "ह्यांचो तो डाव्या हातान खेळणारो गेलो मा, तो आमचो पखवाजवालोच," काका मला समजावायचे. मी हसायचो. ते हसत नसत.

तर बघणारी घरं वाढली की कंपनी तगेल, हा त्यांचा हिशेब. मी त्यांना शंभरदा सांगितलं की अहो काका, तुम्ही मुहर्रकमध्ये टीव्ही लावलात तर अमेरिकेतल्या स्टेशनाला कळणार कसं? त्यांना त्यातून दमडी मिळत नाही. त्यावर उत्तर तयार असायचं. "देवाकडे दिवो लावतंस तेव्हा पावती मागतंस?"

मग त्यांनी अँटेना मोजायला घेतल्या. सुट्टीच्या दिवशी वर बघत मुहर्रक पालथी घातली, शेजारच्या बुसैतीन गावापर्यंत चालत गेले. पश्चिमेला तोंड असलेली अँटेना म्हणजे आपला माणूस. दुसरीकडे तोंड असलेली दिसली की ते खालून हळहळायचे. एकदा राहवलं नाही आणि आमच्या घरमालकाची, अबू युसूफची, अँटेना वळवायला त्याच्या गच्चीवर चढले. गच्चीवर बायका कपडे वाळत घालत होत्या. जो काय गोंधळ उडाला तो विचारू नका. अबू युसूफ हा पूर्वी मोती काढायच्या होड्यांवर गेलेला धिप्पाड म्हातारा, त्याने काकांना दंडाला धरून खाली आणलं. आता खलास, व्हिसा गेला, असं मी मनात म्हटलं. काकांनी मोडक्या अरबीत सगळी कंपनी, सगळ्या जत्रा, त्याला सांगितल्या. म्हाताऱ्याने त्यांचा दंड सोडला. मग म्हणाला, त्यांच्या होडीवर गाणारा एक माणूस असायचा, होड्या बंद झाल्यावर तो घरात भिंतीकडे तोंड करून गात बसायचा. आणि स्वतः वर जाऊन त्याने अँटेना पश्चिमेला फिरवली.

हे इथवर गमतीचं. पण खरं सांगू का, मला त्या वरच्या खोलीत बसायला आवडायचं नाही. ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा यायचा की भिंतींना पाणी सुटायचं, आणि टीव्हीत भुतं यायची. म्हणजे एका चित्रामागे दुसरं पुसट चित्र. प्रत्येक खेळाडूच्या मागे त्याच्यासारखाच एक करडा माणूस उभा. खेळाडू धावला की तो क्षणभर थांबून मग धावायचा. समुद्रावरून कुठली कुठली दूरची स्टेशनं मधे घुसायची, कधी कुणीतरी अनोळखी भाषेत मोठमोठ्याने बोलायचं आणि मधेच तुटायचं. शिवाय हे खेळ टेपांवरून दाखवायचे आणि त्या टेपा वर्षभर शिळ्या असत. ज्याच्या नावाने काका टाळ्या वाजवायचे तो केव्हाच दुसऱ्या संघात गेलेला असायचा. मी तसं म्हटलं की ते म्हणायचे, "जाऊंदे. आता हंय असा मा?"

आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. "कॅमेरो वर जायना बघ. लाज वाटता तेका." खरंच, कॅमेरा मैदान सोडून वर प्रेक्षकांकडे कधी जातच नसे. एकदा लक्षात आल्यावर मला त्या पडद्याच्या वर जे दाखवत नव्हते त्याचीच भीती वाटू लागली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकनाचं पत्र आलं. कंपनी मोडली होती. स्टेशनने पैसे आणखी कमी केले, मालकाने संघ उचलून दूरच्या एका मोठ्या शहराला विकला. ही गोष्टही आता जुनी झाली होती. आणि काकांनी हिशेब लावला तर येत्या शुक्रवारी जी टेप लागणार होती, ती गिरणीगावातल्या शेवटच्या खेळाची. जो संघ आता जगात नाही, त्याचा शेवटचा खेळ.

काकांनी लीव मागितली. मिळाली नाही, त्या दिवशी दोन विमानं यायची होती. गुरुवारी संध्याकाळी ते माझ्याकडे आले, खोलीची चावी माझ्या हातात ठेवली. चेष्टा करायला मी तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

"सुरवातीपासून शेवटपर्यंत बस," ते म्हणाले. "तुझ्या खोलीत नको. माझ्या. फक्त मधी उठा नको."

बसतो म्हणालो. शपथच घेतली म्हणा ना.

शुक्रवारी दुपारी वर गेलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. काका चटई अंथरून गेले होते. टीव्ही लावला, मांडी घालून बसलो. पडदा मुंग्यांनी भरलेला, त्यातून हळूहळू माणसं दिसू लागली, एकाची दोन. खेळ सुरू झाला. अर्धा तास गेला असेल. आणि कॅमेरा वर गेला.

शेवटचा दिवस, आता लाज कसली, असं कॅमेरावाल्याला वाटलं असावं. रांगामागून रांगा रिकाम्या. कॅमेरा संथपणे फिरत राहिला. मग अगदी पुढच्या रांगेत एक माणूस दिसला. एकटाच. हात मांडीवर, मान सरळ. खेळाकडे बघत नव्हता. कॅमेऱ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडे. चित्र तिथेच थांबून राहिलं. त्याच्या मागे त्याचं भूत होतं, पण ते हललं आणि तो हलला नाही. तेवढ्यात इंग्लिश आवाज बुडाला आणि टीव्हीतून झांजा वाजू लागल्या. इराणचं स्टेशन असेल, कुठलंही असेल, मला आज सगळं समजतं. त्या वेळी मी ड्राफ्ट्समन नव्हतो, पुणेकरही नव्हतो. मी टीव्ही बंद केला आणि जिना उतरून पळालो.

काका सहाला आले. माझ्या दारात उभे राहिले. मी फडाफडा बोलू लागलो. काय खेळ झाला म्हणून सांगू, शेवटपर्यंत बसलो होतो, लोक तर असे लोटले होते की पाय ठेवायला जागा नव्हती.

काका बाकावर बसले. पायांतले बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले.

"बाबाच्या टायमाकसुद्धा माका अशेच सांगलेले," ते म्हणाले. "बाबान कागद धाडलेल्यान. शेवटचो खेळ असा, ये, नि पुढे बस. माका लीव मिळाली नाय. मगे गाववाल्यांनी लिवल्यानी, पाय ठेवाक जागा नाय होती. दोन वर्सांनी घराक गेलंय, बाबा तवसर गेलेलो. आवशीन सांगल्यान, एक माणूस नाय होतो समोर. बाबा रिकाम्या खळ्यात रात्रभर नाचलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी खरं सांगितलं. अर्धा तासच बसलो, घाबरलो, पळालो. रिकाम्या रांगा सांगितल्या, तो माणूस सांगितला. आता शिव्या खायच्या म्हणून खाली बघत उभा राहिलो.

"तो पुढे बसललो?" काकांनी विचारलं.

"अगदी पुढे."

"एकलोच?"

"एकटाच."

ते उठून माझ्या जवळ आले. एवढ्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळे लाल झाले होते.

"तो उठान गेलो नाय मा?"

"नाही काका," मी म्हणालो. "मी पळालो तरी तो बसूनच होता."

त्यांनी ते मला आणखी दोनदा सांगायला लावलं. मग बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पोटभर रडले. रडून झाल्यावर मी चहा टाकला, आणि दोघांनी तो बाकावर बसून प्यायला.