मुकुट घातलेली दिम्का आणि पायऱ्यांवरचं कुरण

या, पुढे सरका. मांडी घातली की जागा होते आणि मन सैल केलं की कथा मावते. आज एका गाईचं आख्यान लावतो. युरोपातल्या शेतीचा नि खेड्यांचा पैसा तिनं वाचवला आणि त्याबद्दल तिला चिमूटभर मीठसुद्धा कुणी दिलं नाही. गाईचं नाव दिम्का. धन्याचं नाव लोव्रो हुमार. गाव स्लोव्हेनियाच्या डोंगरात, संत लेनार्टच्या देवळाखाली. हा संत गुराढोरांचा कैवारी. देव कुठल्याही डोंगरावरचा असो, गुरं राखल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

तर घडलं असं, की युरोपाच्या सामायिक तिजोरीत शेती आणि खेड्यांसाठी जी वेगळी थैली होती, ती एका मोठ्या थैलीत ओतावी असा प्रस्ताव निघाला. मोठ्या थैलीत पूल होते, तोफा होत्या, विमानतळ होते. "शेतीचे पैसे कुठेही जाणार नाहीत," असं निवेदन प्रसिद्ध झालं. ते ऐकून लोव्रोनं हातातला घास ताटात परत ठेवला. वरच्या कुरणासाठी मिळणारं अनुदान थांबलं तर गाई विकाव्या लागणार होत्या, कारण दुधाच्या भावाला डोंगर चढता येत नाही. गाई गेल्या की कुरणात देवदार शिरतो आणि मग आजोबांनी दगड वेचून केलेलं गवत कुणाला दिसायचं नाही. कत्तलीसाठी गुरं घेणारा व्यापारी तर दारावरून दोनदा चक्कर मारून गेला होता. दिम्काकडे बघून "तब्येत चांगलीय," म्हणाला होता. खाटिकाच्या तोंडी कौतुक म्हणजे काय, ते दिम्कालाही कळलं असावं.

गावच्या अग्निशामक दलाच्या बंबघरात सभा भरली. दलाचा प्रमुख व्हेन्सेल बंबाच्या पायरीवर उभा राहिला.

"मंडळी, माणसांच्या मोर्च्याकडे आता कुणी ढुंकून बघत नाही. गाई न्यायच्या! थेट राजधानीत, कृषिभवनासमोर! आणि मुकुट घालून!"

टाळ्या पडल्या. लोव्रोनंही वाजवल्या. त्याची बायको मिल्का मात्र हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"व्हेन्सेल, डोकं ठिकाणावर आहे ना? मुकुट उतरणीचा असतो. उन्हाळा संपला, सगळी गुरं धडधाकट खाली आली, की मग म्होरक्या गाईच्या डोक्यावर चढवायचा. आता जून आहे, उन्हाळा नुकता लागलाय."

"गाईला काय कॅलेंडर कळतं?"

"तुला तरी घड्याळ कुठं कळतं? माझी गवताची गंजी पेटली तेव्हा तू राख झाल्यावर आलास."

सभा खो खो हसली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. लोकशाहीत विनोद करणाऱ्याला टाळ्या मिळतात, मतं मिळत नाहीत.

देवदाराच्या डहाळ्या, कागदी फुलं, मधोमध आरसा असा मुकुट दिम्काच्या शिंगांवर चढला. बाकीच्या आठ गाई तिच्यामागून मुकाट ट्रकमध्ये चढल्या. दिम्का जाईल तिकडे त्या जात. स्वतंत्र मत असं त्यांना नव्हतंच.

कृषिभवन म्हणजे भव्य इमारत. समोर उंच पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना मऊ हिरवळ, कडेला गुलाबांचे ताटवे. मंत्रिमहोदयांना वेळ नव्हता, त्यामुळे मोर्चा तीन दिवस मुक्कामी राहिला. दिम्कानं पहिल्या दिवशी हिरवळ चाखली, दुसऱ्या दिवशी संपवली आणि तिसऱ्या दिवशी गुलाबांना हात घातला, म्हणजे जीभ घातली. शेवटी मंत्रिमहोदय आले. "गाय हा आपल्या संस्कृतीचा श्वास आहे," असं म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि फोटो काढून घेतला. व्हेन्सेलनं निवेदन पुढे केलं. ते दिम्कानं खाल्लं. सचिवांनी नोंद केली: निवेदन सर्व संबंधितांकडून स्वीकारण्यात आले.

गावात परतल्यावर लोव्रोनं मुकुट उतरवला आणि दिम्काला डोंगराच्या वाटेला लावलं. ती वळली आणि सरळ गोठ्यात जाऊन आपल्या हिवाळ्याच्या जागी उभी राहिली. मागोमाग आठही जणी.

"अगं बाई, चल ना!" लोव्रोनं मीठ दाखवलं, घंटा वाजवली, शेपूट ओढलं. दिम्का रवंथ करत राहिली.

"तिचं काय चुकलं?" मिल्का म्हणाली. "मुकुट चढला, मुकुट उतरला. तिच्या हिशेबी उन्हाळा संपला. आता घाल तिला हिवाळ्याची वैरण."

"जूनमध्ये हिवाळ्याची वैरण?"

"मग व्हेन्सेलला घाल. त्याला बरेच दिवसांत कुणी काही घातलेलं नाही."

दोन आठवडे नऊ गाई गोठ्यात बसून पुढच्या थंडीची वैरण खात होत्या आणि वर कुरणात गवत कमरेएवढं होऊन वाऱ्यावर डुलत होतं. अखेर लोव्रो टोपी हातात घेऊन फादर सिरीलांकडे गेला. दर वसंतात गुरांना देवळाभोवती प्रदक्षिणा घालून, त्यांच्यावर तीर्थ शिंपडून मगच वर सोडतात.

"फादर, वसंत पुन्हा एकदा करता येईल का?"

फादर दाढी खाजवत म्हणाले, "शास्त्रात आधार नाही. पण शास्त्र लिहिणाऱ्यांकडे दिम्का नव्हती. आण तिला."

भर उन्हाळ्यात वसंताची प्रार्थना झाली. लहानथोर सगळ्यांनी ती इतक्या गोड गळ्यानं म्हटली, की मलाही वाटलं, डहाळीला पुन्हा पालवी फुटेल. तीर्थाचे थेंब पाठीवर पडताच दिम्कानं कान हलवले, प्रदक्षिणा पुरी केली आणि कुणी न सांगता डोंगर चढू लागली. लोव्रोचे डोळे पाणावले. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"कृषिभवनाच्या कुरण-पडताळणी कक्षातून वालेरिया बोलतेय. आपल्या कुरणावर उपग्रहाला चराई आढळली नाही. अनुदान रद्द."

"बाई, गाई तुमच्या दारात होत्या की! अनुदान वाचवायलाच आल्या होत्या!"

"हो, ते उपग्रहाला दिसलंय. भवनासमोरच्या आवारात उत्कृष्ट चराई नोंदली गेली आहे. त्यामुळे अनुदान आवाराला मंजूर झालंय."

"आवार कुणाचं?"

"आमचं."

"अहो, पण ते डोंगराळ कुरणाचं अनुदान आहे!"

"साहेब, आमच्या पायऱ्या चढून बघितल्यात का कधी?"

व्यापारी तिसऱ्यांदा आला. मिल्कानं त्याला कॉफी दिली, पण बसायला सांगितलं नाही.

आता नियम असा, की एकदा कुरणाचं अनुदान घेतलं की पाच वर्षं चराई दाखवावीच लागते, नाहीतर व्याजासकट परतफेड. नियम कृषिभवनानंच केलेला, त्यामुळे पळवाट कुठे नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. भवनात गाय नव्हती. मग उपग्रहाला चरल्यासारखं दिसावं म्हणून दुपारच्या सुट्टीत कारकून विळे घेऊन उतरू लागले. उपसचिवांना गवतानं शिंका लागल्या. वालेरियाबाईंच्या तळहाताला फोड आले. पाऊस लांबला तशी मोठमोठी माणसं खिडकीतून आभाळाकडे बघू लागली आणि एकमेकांना "यंदा काही खरं नाही" म्हणू लागली.

आणि नेमका त्याच वेळी मोठ्या थैलीचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर सहीसाठी आला.

वाचता वाचता उपसचिव उभे राहिले. "म्हणजे... आपल्या कुरणाचं काय?"

तासाभरात सगळं भवन विळे-दाताळी घेऊन पायऱ्यांवर उतरलं. त्यांनी स्वतःविरुद्ध घोषणा दिल्या, स्वतःला निवेदन दिलं, स्वतः ते स्वीकारलं आणि वर जाऊन शेरा मारला: शेती व खेड्यांची थैली वेगळीच राहील, तडजोड नाही. इतर देशांच्या भवनांनी चौकशी केली, हिशेब समजून घेतला आणि आपापल्या हिरवळीकडे प्रेमानं पाहिलं. प्रस्ताव बारगळला.

लोव्रोला हे रेडिओवर कळलं. विरजलेल्या दुधात कुट्टूच्या पिठाचे गोळे कालवत तो म्हणाला, "मिल्का, पुढच्या साली आपल्या कुरणालाही अनुदान पुन्हा मिळेल. गाई राहिल्या!"

"आणि यंदा?"

"यंदा भवनाला चरायला गाय हवीय. विचारत होते, भाड्यानं देता का."

"दे," मिल्का म्हणाली. "त्या आठांतली म्हातारी पुत्का दे. ती काही खात नाही, नुसती बघते. तिथं शोभेल."

मोर्च्याबद्दल व्हेन्सेलला पदक मिळालं. शरदात सगळी गुरं सुखरूप उतरणीला लागली, तेव्हा दिम्काच्या शिंगांवर रीतसर मुकुट चढला. ती मात्र गोठ्याकडे गेली नाही. रस्त्यावर जाऊन ट्रकची वाट बघत उभी राहिली. मुकुट म्हणजे गुलाब, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

हसलात? हसा, हसण्यासाठीच देवानं गाई आणि कचेऱ्या निर्माण केल्यात. पण खरं सांगा, स्वतःच्या पायरीवर गवत उगवेपर्यंत कुरण कुणाचं ते तुम्ही तरी कधी विचारलंत? नाही ना? मीही नाही. म्हणून एवढंच मागणं आहे. उद्या सकाळी चहात दूध ओताल, तेव्हा घोटभर थांबा आणि रस्त्यात मुकुट घालून उभ्या असलेल्या दिम्काला आठवा. ट्रक अजून आलेला नाही.