घोळूबाई तग धरतात

एका जंगलात, नदी जिथं खाडीला मिळते तिथं, एक हिरवंगार कुरण होतं. मुलांनो, त्या जंगलाचा राजा होता गवा आणि प्रजा होती सगळी झाडपाल्याची. त्यामुळे राजाचं प्रजेवरचं प्रेम थेट पोटातून यायचं.

कुरण आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध होता. त्याची देखभाल प्रधान खेकड्याकडे होती. खेकडा बांधातच राहायचा. बांधावर बारीक लक्ष ठेवता यावं म्हणून त्यानं त्याला आरपार भोकं पाडली होती.

एका उधाणाला बांध फुटला. खारं पाणी कुरणात शिरलं.

बांधाच्या अगदी पायथ्याशी घोळूबाई राहत. जमिनीलगत पसरणारी, जाडसर पानांची घोळीची भाजी तुम्ही नाक मुरडत खाता ना, त्याच या. त्यांना नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. आता फुलं येणार, हे शेजारीपाजारी सांगूनही झालं होतं. शेजारी टाकळेराव, म्हणजे टाकळ्याचं रोप, उंच आणि बोलके. त्यांनी खाऱ्या पाण्याचा कडक निषेध केला आणि दुसऱ्या दिवशी मान टाकली.

घोळूबाईंच्या मुळांतलं पाणीही उलटं बाहेर ओढलं जाऊ लागलं. मीठ असंच करतं. लोणच्याच्या कैरीला विचारा.

बाई घाबरल्या, पण हातपाय गाळून बसल्या नाहीत. आत शिरलेलं मीठ त्यांनी पेशीपेशीतल्या कोठीत कोंडलं. मग वाढीसाठी राखलेलं नत्र बाहेर काढलं. एरवी त्यातून ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल व्हायचं आणि त्याची पुढे पानं, कळ्या व्हायच्या. आता बाईंनी त्याचं प्रोलीन करायला घेतलं. प्रोलीन हेही अमिनो आम्लच, पण फार गुणी. कितीही साठवा, कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही आणि पाण्याला घराबाहेर जाऊ देत नाही.

पाणी घरात टिकलं. पण नत्र होतं तेवढंच. कळ्यांच्या वाट्याला काही उरलं नाही. एकेक कळी गळत गेली, तेव्हा बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

राजा डोंगरउतारावर चरत असल्यामुळे त्याला बातमी उशिरा समजली. तो पाहणीला आला तेव्हा सगळं कुरण करपलं होतं आणि त्यात एकट्या घोळूबाई हिरव्या होत्या. राजाचे डोळे भरून आले. त्यानं कोळ्याकडून शाल विणून घेतली आणि बाईंना पांघरली. श्रीफळही दिलं. ते गडगडत आलं आणि नेमकं बाईंच्या उन्हात बसलं.

बाई म्हणाल्या, "महाराज, बांध तेवढा बुजवा. मी जगतेय, पण वाढत नाही."

"जगताय ना?" राजा म्हणाला. "मग बांध कशाला?"

खेकड्याला हे फारच पटलं. दुरुस्ती रद्द झाली आणि 'तग धरा' नावाची योजना निघाली. ज्यानं त्यानं आपापलं प्रोलीन आपणच करावं, असा हुकूम सुटला. शिबिरं भरली. टाकळेरावांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते तसेही हलू शकत नव्हते. ज्यांना प्रोलीन जमलं नाही त्यांच्यात जिद्दच नाही, असं ठरलं.

भरती येतच राहिली आणि बाई प्रोलीन करतच राहिल्या. त्यांची पानं नखाएवढी झाली. खेकडा ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा आणि किती सुबक आहेत म्हणायचा.

मग शेजारच्या जंगलांचे राजे ही योजना पाहायला येणार असं कळलं. आता पाहुण्यांना तरी नीट समजावून सांगा, असं टाकळेराव क्षीण आवाजात म्हणाले. बाईंनी विचार केला. समजावून एकदा सांगून झालं होतं.

पाहुणे यायच्या दिवशी उजाडताच त्यांनी साठवलेलं प्रोलीन मोडायला घेतलं. मुळांच्या टोकांपुरतं तेवढं राखलं. पाणी निसटू लागलं. पानं सैल पडली, फांद्या लोळल्या. पाहुणे सकाळीच यायचे होते. पण राजेच ते. ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता नाही. बाईंना अंधारी आली. पुन्हा प्रोलीन करायला घ्यावं, असं मनात आलं. मग गळालेल्या कळ्या आठवल्या आणि बाई तशाच पडून राहिल्या.

शेवटी मंडळी आली. आमच्या घोळूबाई पाहा, म्हणत गव्यानं ऐटीत खूर पुढे केला. खाली चिखलात चिंधी पडावी तसं काहीतरी पडलं होतं.

पाहुण्यांतल्या सांबरराजानं वाकून पाहिलं. "तग धरलाय तो हाच का?" त्यानं अगदी आदरानं विचारलं.

दिवस मावळायच्या आत बांध उभा राहिला. भोकंसुद्धा बुजवली गेली. घाईत प्रधानजी एका भोकात आतच राहिले, त्यांना उकरून काढावं लागलं.

नदीच्या गोड्या पाण्यानं मीठ हळूहळू धुऊन गेलं. बाईंनी उरलंसुरलं प्रोलीनही मोडलं. अडचण सरली की तेच वाढीच्या कामी येतं. नवी पानं आली, मग कळ्या आल्या. टाकळेरावांना बुंध्याशी फुटवे फुटले आणि त्यांची भाषणं पुन्हा सुरू झाली.

बांध तातडीनं बांधल्याबद्दल खेकड्याचा जाहीर सत्कार ठरला. घोळूबाईंनाही मानाचं बोलावणं आलं. त्या दिवशी मला फुलायचंय, सवड नाही, असा त्यांनी निरोप पाठवला.

तात्पर्य : संकटात तग जरूर धरावा, पण पाहणीच्या दिवशी मान टाकावी. हिरव्या दिसणाऱ्यासाठी कुणी बांध घालत नाही.