मास्तरांनी शीर सरळ केली

हातावरची ती निळी रेघ मास्तरांना आवडलीच नाही.

मास्तर म्हणजे शिंपी हो! चाळीस वर्षं कापडावर खडूने रेघा मारलेला माणूस. किडन्या रुसल्यापासून त्यांचं डायलिसिस मानेतल्या नळीतून चाललेलं. त्या नळीपायी मान वाकवता येईना, म्हणून दुकान बंद आणि घरात दिवसभर चिडचिड. शेवटी सर्जनने हातातली एक शीर धमनीला जोडून दिली. ती फुगून दणकट झाली की सुई तिच्यातच घालायची आणि मानेला सुट्टी!

आज दुपारी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरबाईंनी शीर तपासली, "झाली तयार!" म्हणाल्या आणि पेनाने हातावर तिची वाट आखून दिली.

"काका, ही पुसू नका हं. उद्या सिस्टर हिच्यावरच सुई घालतील. सुई चुकली तर हात सुजेल, मग नळी आणखी महिनाभर."

मास्तर घरी आले, खिडकीत बसले, रेघेकडे बघत राहिले. कोपराजवळ पोट सुटलेलं, वर जाऊन तिरकी. अर्धा तास त्यांनी कळ काढली. मग सुनेचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं, रेघ पुसली, पट्टी लावली आणि झकास सरळ रेघ मारली. शेजारी शिवणीसाठी अर्धा इंच सोडून तुटक रेघसुद्धा! शिवाय बायकोला दाखवायला गेले.

"अहो, हे काय केलंत?"

"सरळ केली."

"अहो, शीर वाकडी आहे म्हणून रेघ वाकडी होती!"

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. "तसं सांगायचं ना मग त्यांनी!"

सून धावत आली. "बाबा, आठवा बरं, हातावरच्या तिळाच्या कुठल्या बाजूने होती?"

"डावीकडून."

"उजवीकडून!" बायको म्हणाली. "बाई आखताना मी बघत होते ना!"

"तू समोर बसली होतीस. तुला सगळं उलटंच दिसतं."

"भांडू नका!" सून म्हणाली. "धमनीला जोडल्यापासून ती शीर थरथरते ना? बोटाने शोधू."

झालं, तिघांची बोटं एका हातावर.

"सापडली!"

"ते माझं बोट आहे, आई."

सुनेने भुवयांच्या पेन्सिलीने काळी रेघ ओढली. बायकोला ती पटली नाही, तिने लाल पेनाने दुसरी ओढली. मास्तरांची सरळ निळी होतीच. पाच मिनिटांत हात बसमार्गांच्या नकाशासारखा दिसायला लागला. घड्याळात पावणेपाच, सोनोग्राफी बंद होते पाचला!

तिघं पळाले. रेघा पुसू नयेत म्हणून मास्तरांनी हात उंच धरलेला, तर रस्त्यात तीन टॅक्स्या थांबल्या. एकीत बसले.

डॉक्टरबाई पर्स खांद्याला लावून निघालेल्या. "काका, हे काय आहे?"

"पर्याय आहेत," मास्तर म्हणाले. "तुम्ही निवडा."

बाईंनी पर्स खाली ठेवली. हातावर जेल ओतलं, तशा सगळ्या रेघा विरघळून जांभळा चिखल झाला. मग पडद्यावर शीर उमटली. इकडे वळलेली, तिकडे वळलेली, तिन्हीपैकी एकाही रेघेला न जुमानणारी.

"आणि हा बघा जोड. इथे शीर धमनीला शिवलीये."

मास्तर कोपरावर उठून बसले. "शिवलीये? मशीनवर?"

"नाही हो, हाताने."

मास्तर पडद्यावरचा तो जोडच बघत राहिले. बाईंनी नवी रेघ आखली, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी रेघ पुन्हा पुसू नये म्हणून बायकोने घरी येताच बाहीला सेफ्टी पिना मारून टाकल्या, तरी हूं नाही की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने सुई घातली. पहिल्याच फटक्यात! रक्त नळीतून सरसर मशीनकडे निघालं.

"असंच दोन-तीनदा नीट झालं की मानेतली नळी काढू," सिस्टर म्हणाली. बायकोने चष्मा काढून उगाचच पुसला.

तेवढ्यात सर्जन राउंडला आले. "काय मास्तर, हात कसा आहे?"

"डॉक्टर, जोड बघितला मी तुमचा. इतकं निसरडं काम आणि एक चुणी नाही!"

सर्जन चक्क लाजले. "थँक यू."

"नाही, आता मी दुकान उघडणार, म्हणून विचारतो." मास्तरांनी मोकळ्या हाताने त्यांना जवळ बोलावलं. "शाळेच्या दोनशे गणवेशांचं काम येतंय. संध्याकाळचे रिकामे असता का तुम्ही?"