कागदमुक्तीचे एकशे चार गठ्ठे

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की डोळा लागतो, आणि आजचं आख्यान डोळे उघडे ठेवून ऐकायचं आहे. एका विद्यापीठानं कागद हद्दपार करायचा विडा उचलला आणि त्या कागदानंच त्याला कसं तोंडघशी पाडलं, त्याची ही कथा!

कथानायक डॅशबोर्डसर. विद्यापीठाच्या डिजिटल विभागाचे प्रभारी संचालक. भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत काटे फिरवून दाखवायचा भारी नाद, म्हणून हे नाव. 'प्रभारी' हा शब्द मात्र त्यांच्या दारावरच्या पाटीला सात वर्षं गोचिडासारखा चिकटला होता.

"समोरच्या भाडेकरूनंसुद्धा स्वतःचं घर घेतलं," बायको चहा गाळता गाळता म्हणायची, "तुम्ही आपले अजून प्रभारीच!"

आणि योग आला! विद्यापीठातली डिजिटल संस्कृती शाश्वत विकासाला कितपत हातभार लावते, हे तपासायला समिती येणार होती. श्रेणी चांगली मिळाली तर सर कायम, असं कुलगुरूंनी सांगून टाकलं.

"कायम झालोच समज!" सरांनी घरी छाती फुगवली. "आमच्याकडे कागदाचा कपटा सापडला तर नाव बदलेन!"

दुसऱ्याच दिवशी 'कागद वापरू नये' असं परिपत्रक निघालं. सहाशे चाळीस प्रती छापून!

"सर, ईमेल केला असता की," आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या.

"ईमेल वाचतं कोण, बाई? हातात द्या आणि सही घ्या!"

मग आला दोनशे बारा प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म. 'आपण संगणकाशी किती आपुलकीनं वागता?' असले प्रश्न! प्राध्यापकांनी तो उघडलासुद्धा नाही. शेवटी फॉर्म छापला, हातानं भरून घेतला आणि बाईंनी मान मोडेपर्यंत संगणकात चढवला. पडद्यावरचा काटा हिरव्यात गेला! पण सरांच्या मनात पाल चुकचुकली. समितीनं पुरावा मागितला तर? म्हणून चढवलेले फॉर्म पुन्हा छापले, शिक्के मारले, स्कॅन केले आणि स्कॅन नीट दिसतो का ते बघायला परत छापले. एकेका उत्तरानं इतके जन्म घेतले, पण मोक्ष काही मिळेना!

सह्या घेतलेली परिपत्रकं धरून गठ्ठे झाले एकशे चार. समिती उद्यावर आलेली.

"सर्व्हरच्या खोलीत कोंबा," सर म्हणाले. "तिथे कोण फिरकतंय?"

गठ्ठे वाहत होते मीटरमामा. विभागाचे जुने शिपाई. रोज सकाळी विजेचा मीटर बघायचं काम त्यांच्याकडे.

"साहेब, एसीच्या तोंडाशी नको. यंत्राला हवा लागते."

"मामा, आता तुम्ही मला सर्व्हर शिकवणार?"

"शिकवत नाही हो. मागे एक खोकं आडवं आलं, तर सगळं बंद पडलं होतं. विभागाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता मी."

सरांनी तो ग्रुप तीन वर्षांपूर्वीच म्यूट केलेला. मामांच्या फोटोतलं मीटरचं तोंड रोज उठून कोण बघणार! गठ्ठे एसीपुढे छतापर्यंत रचले गेले. त्याच संध्याकाळी सरांनी रंगाऱ्याकडून पाटीवरचा 'प्रभारी' पुसून घेतला आणि फोटो बायकोला पाठवला.

समिती आली. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघणाऱ्या. सरांनी ऐटीत पडदा सुरू केला. काटा हिरव्यात गेला, थरथरला, आणि पडदा काळाठिक्कर!

"सिस्टीम वीज वाचवतेय, मॅडम," सर म्हणाले. "शाश्वत विकास!"

"असं? मग हा सर्व्हर बघायलाच हवा."

सर आडवे येईपर्यंत अध्यक्षबाईंनी सर्व्हरच्या खोलीचं दार ओढलंसुद्धा. आतून भट्टीसारखी झळ आली आणि पाठोपाठ गठ्ठे! धबाधब! बाईंच्या पायाशी जो कागद पडला, त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'कागद वापरू नये'.

"हे काय?"

"जुनं दप्तर आहे, मॅडम. वारसा!"

बाईंनी दुसरा कागद उचलला. "वारशावर परवाचा शिक्का?"

सर पायानंच गठ्ठे मागे ढकलू लागले.

"बरं, विजेच्या वापराची तरी काही डिजिटल नोंद?"

सरांच्या सगळ्या नोंदी त्या काळ्या पडद्याआड अडकलेल्या. गठ्ठे गोळा करणाऱ्या मामांनी हात पुसले आणि खिशातून तडा गेलेला फोन काढला. तीन वर्षांचे मीटरचे फोटो, एकही दिवस न चुकता! खाली ओळी: 'दुसऱ्या मजल्यावरचे पंखे रिकाम्या वर्गात चालू होते. बंद केले.'

"हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"साहेबांनीच. तीन वर्षांपूर्वी. नंतर 'नको' असं कुणी म्हणालं नाही."

अहवालात लिहून आलं, 'विद्यापीठात डिजिटल संस्कृती आढळली. एका माणसात.'

रंगाऱ्याला परत बोलावणं गेलं. "नुसता 'प्रभारी' लिहायचा ना, साहेब?" त्यानं सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं विचारलं. तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, पाटीचा फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय! आई पेढे घेऊन निघालीसुद्धा!"

सुधारणा झालीच नाही असं मात्र नाही. मामांचा ग्रुप सर्वांनी रोज बघावा, असं परिपत्रक लगेच निघालं. सहाशे चाळीस प्रती!

तेव्हा मायबापहो, पुढच्या वेळी छापण्याचं बटण दाबाल, तेव्हा क्षणभर मीटरमामांची आठवण ठेवा. देव त्यांना उदंड आयुष्य देवो. डॅशबोर्डसरांना विसरलात तरी चालेल. ते पाटीवर आहेतच, आणि या खेपेला रंग पक्का आहे!