परतीचा प्रवास वैयक्तिक

नदीपलीकडच्या इस्पितळाला जाणारी महापालिकेची बस नव्या अर्थसंकल्पात निम्मी करण्यात आली. निम्मी म्हणजे फेऱ्या कमी केल्या, असं कुणी समजू नये. फेऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. बस वेळेवर सुटणार होती, वेळेवर पोहोचणार होती. फक्त माणसांना परत आणणार नव्हती. जाणं ही नागरिकाची गरज असते आणि येणं ही त्याची हौस, हा भेद महापौरांनी भाषणात स्वच्छ करून सांगितला, आणि सभागृहाने बाकं वाजवली.

इस्त्रीवाल्याने दुकानातल्या रेडिओवर ते भाषण ऐकलं आणि मान डोलावली. महापौरांना त्याचंच मत गेलं होतं.

"कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती," सदरा न्यायला आलेले शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले.

"हवीच होती," इस्त्रीवाला म्हणाला आणि कॉलर दाबून काढली.

त्याची बायको त्याच इस्पितळात परिचारिका होती. हे तो विसरला होता असं नाही. पण कात्रीचं कौतुक करताना ती आपल्याही कापडावरून जाणार आहे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. कात्री नेहमी शेजारच्याच्या कापडावर चालते, अशी आपली सगळ्यांची खात्री असते.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"अहो, बस आली होती. माझ्या नाकासमोरून गेली. आत चिटपाखरू नाही, दिवे मात्र सगळे लावलेले."

"मग हात करायचा ना."

"केला. ड्रायव्हरनेही केला. ओळखीचा आहे, मान राखतो."

त्या दिवशी ती पूल पायी ओलांडून आली. दिवसभर पेशंटच्या खाटांमध्ये नाचलेले पाय घरी येईपर्यंत पावासारखे फुगले होते. लेक वाट पाहून पाहून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला दुकान बंद ठेवून महापालिकेच्या चौकशीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिडकीत एक बाबू होता. त्याचा चेहरा कुठल्याही प्रश्नाने सुरकुततच नसे. इस्त्रीवाल्याला व्यावसायिक दृष्टीने त्याचा हेवा वाटला.

"साहेब, बस परत येतेच ना?"

"येते. डेपो इकडे आहे."

"मग माणसं का घेत नाही?"

"माणसाला वजन असतं," बाबू म्हणाला. "वजनाला डिझेल लागतं. रिकामी आली की काटकसर, भरून आली की उधळपट्टी."

"जाताना तर भरून जाते."

"ती सेवा."

"आणि येताना?"

"तो तुमचा घरगुती मामला. महापालिका कुणाच्या घरात नाक खुपसत नाही."

इस्त्रीवाला खिडकीपासून मागे सरला. खाजगी बाबतीत सरकारने लुडबूड करू नये, हे मत त्यानेच चारचौघांत अनेकदा मांडलं होतं.

मग पलीकडे अडकलेले सगळेच पुलावरून चालत येऊ लागले. परिचारिका, सफाईवाल्या, पेशंटला डबा देऊन निघालेले नातेवाईक. पुलाच्या पदपथाची वर्दळ वाढल्याचं महापालिकेच्या लक्षात आलं. पदपथ असा रोज वापरला तर झिजतो आणि झिजला की दुरुस्त करावा लागतो. दुरुस्तीवर कात्री आधीच लागलेली होती. तेव्हा दूरदृष्टीने पदपथच बंद करण्यात आला. 'पदपथ आपलाच आहे, म्हणून तो वापरू नका,' अशी पाटी लागली. पाटी मात्र मोठी आणि नवीकोरी होती.

बायको इस्पितळातच राहिली. रिकाम्या खाटेवर आडवी झाली तर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्य परिचारिकेने, उठवलं. खाट फक्त रुग्णासाठी असते, नियम स्पष्ट होता. मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनीच मार्ग काढला आणि बायकोला रुग्ण म्हणून दाखल करून घेतलं. आजार कोणता, तर डॉक्टरांनी नाडी धरून सांगितलं, "घरी जाता न येणे." अशा पेशंटची रीघ लागल्यामुळे त्यांनी तो साथीचा रोग ठरवला.

"दिवसा मी पेशंटना गोळ्या देते," बायको फोनवर म्हणाली, "आणि ड्यूटी संपली की माझी गोळी मीच मला देते. जेवण पेशंटचं मिळतं. आमटीत डाळ शोधायला वेगळा डॉक्टर लागेल."

"कसली गोळी?"

"ताकदीची. गोळ्याही निम्म्या केल्यात. अर्धी तोडून देतो सगळ्यांना."

"पोरगी विचारते, आई कधी येणार."

"वेणी कोण घालतं तिची?"

"मीच."

"मग लवकर यायला हवं मला," ती म्हणाली.

इकडे महापौरांनी पत्रकारांना बोलावून आनंदाची बातमी दिली. इस्पितळातली एकही खाट रिकामी नव्हती. नागरिकांचा महापालिकेच्या आरोग्यसेवेवर एवढा विश्वास यापूर्वी कधी बसला नव्हता, इतका की माणसं तिथून घरी जायलाच तयार नव्हती.

तरी शहर निराश होतं, आणि आता उघड बोलू लागलं होतं. मास्तर निराश होते, कारण वाचनालयाचे पंखे काढले होते. किराणावाला निराश होता, कारण दुकानासमोरचा दिवा गेला होता. प्रत्येकाची निराशा स्वतंत्र होती आणि दुसऱ्याची निराशा ही नुसती कुरकुर होती. अखेर महापौरांनी जनसुनावणी ठेवली. आदल्या दिवशी सगळा वॉर्ड इस्त्रीवाल्याच्या दुकानात लोटला. जाब विचारायला चुरगळलेल्या कपड्यांत कसं जायचं?

सभागृह तुडुंब भरलं. महापौर हात जोडून उभे राहिले. माणूस गोड. शिवी दिली तरी तिच्यावर साखर पेरून परत करणारा.

"तुमची निराशा ती माझी निराशा," ते म्हणाले. "बोला."

इस्त्रीवाला उठला. "साहेब, बायको पलीकडे आहे. पोरगी आईविना झोपते. बस रिकामी येतेच आहे. तिच्यात माणसं बसू द्या, एवढंच."

सभागृह हळहळलं. मास्तरांनी डोळे पुसले.

"बसू देतो," महापौर म्हणाले. "आजपासून देतो. पण कात्री एकीकडे उघडली की दुसरीकडे मिटावी लागते. कुठे मिटवू, ते तुम्हीच सांगा. शेवटी लोकांचं राज्य आहे."

कुणीतरी वाचनालय म्हणालं. मास्तरांचे डोळे ताबडतोब कोरडे झाले. "अजिबात नाही," ते म्हणाले. कुणी दिवे म्हणालं, तर किराणावाला बाह्या सरसावून उठला. बागेचं नाव निघालं तर फिरायला जाणारे भडकले, पोहण्याच्या तलावाचं निघालं तर न पोहणारेही भडकले. दुपार टळली. जी गोष्ट काढावी, तिचा कुणीतरी धनी सभागृहात बसलेला होताच.

"मग पलीकडचं काहीतरी काढू या का?" महापौरांनी अगदी सहज विचारलं.

कुणीच भडकलं नाही. भडकायला पलीकडचा एकही माणूस तिथे नव्हता. तो येणार कसा? बस परत येत नव्हती आणि पदपथाला पाटी लावली होती.

"पलीकडचं म्हणजे काय?" असा प्रश्न इस्त्रीवाल्याच्या जिभेवर आला होता. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. घरी पोरगी होती. आजूबाजूला हात वर जात होते. मास्तरांची बाही, किराणावाल्याची बाही, सगळ्या त्याच्याच हातच्या कडक इस्त्रीच्या. त्यानेही हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्याच दिवशी बायको घरी आली. बसने आली, बसायला जागा मिळाली, ड्रायव्हरने रामराम केला. हातात पिशव्या होत्या, चपला होत्या, इस्पितळात ठेवलेला जादा गणवेश होता. लेक तिला बिलगली. बायकोने आधी तिची वेणी सोडली, गुंता काढला, आणि नीट घालता घालता सांगितलं.

"पलीकडची सगळी नोकरमाणसं कमी केली. मोठ्या बाईसुद्धा. पेशंटना उद्या घरी पाठवणार. बस सुरू झालीच आहे म्हणे."

इस्त्रीवाला सदऱ्यावर पाणी शिंपडत राहिला.

"एकमताने ठरलं, असं सांगितलं आम्हाला. आपल्या वॉर्डातून कोण कोण होतं?"

"मास्तर, किराणावाला… सगळेच."

"आणि तुम्ही?"

"तू घरी यायला हवी होतीस," तो म्हणाला.

"आले ना," ती म्हणाली. "आता कायमचीच आले. सरका, ती दुसरी इस्त्री कुठे आहे?"

इथवर वाचून तुम्ही इस्त्रीवाल्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या असतील. खुशाल हासडा. बाईलवेडा म्हणा, मूर्ख म्हणा, स्वार्थी म्हणा. पण तुमच्या वॉर्डात मागे अशीच सभा झाली, तेव्हा कोण कोण आलं नव्हतं आणि का येऊ शकलं नव्हतं, हे विचारायला तुम्ही उठला होतात का? नाही. आणि का नाही, तेही ठाऊक आहे. एक हात वर होता, दुसऱ्याने तुम्ही बाहीची घडी सांभाळत होतात.